डिझेल बाउजर: साइटवर, खाणीत आणि उसाच्या फडात इंधन भरण्याची सुरक्षित पद्धत

डिझेलमध्ये पेटती काडी टाकली तर ती विझते, हे साइटवर प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. थंड डिझेलच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही असतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या एका समजुतीच्या भरवशावर स्थिर विजेची ठिणगी टाळणारा अर्थिंगचा चिमटा रीलवरच गुंडाळलेला राहतो, यंत्र चालू ठेवून टाकी भरली जाते आणि ऑपरेटर बिडी हातात घेऊन बाउजरला, म्हणजे यंत्रांपर्यंत डिझेल नेऊन भरणाऱ्या टाकीच्या गाडीला, टेकून उभा राहतो.

डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने भडकण्याइतकी जमते ते तापमान, भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा तो सहसा याहून जास्त असतो, पण मानकाने हमी दिली आहे ती एवढीच. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे सावलीतली हवाच ४५ अंशांपुढे जाते. उन्हात तापलेला टाकीचा पत्रा त्याहून गरम असतो. शिवाय यंत्राच्या इंजेक्शन सिस्टीममधून रिटर्न लाइनने गरम डिझेल सतत टाकीत परत येत असतं. म्हणजे दुपारी तीन वाजता एक्स्कॅव्हेटरच्या टाकीचं झाकण उघडतो तेव्हा आतलं डिझेल 'न पेटणारं' उरलेलं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तुषार. होजला सुईएवढं भोक पडून डिझेल फवाऱ्यासारखं उडालं, तर ते फ्लॅश पॉइंटच्या खाली असलं तरी भडकू शकतं, कारण बारीक थेंब क्षणात तापतात. तिसरी गोष्ट गरम पृष्ठभागाची, आणि शेतात किंवा साइटवर आगीला हीच सगळ्यात जास्त जबाबदार ठरते. लोडखाली चाललेल्या इंजिनाचा टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ४०० ते ६०० अंशांपर्यंत तापतात. त्यावर डिझेल ओघळलं तर ठिणगीची गरजच नसते. पुढची सगळी पद्धत या तीन गोष्टी टाळण्यासाठी आहे.

परवाना कुठून लागतो

पेट्रोलियम कायदा १९३४ आणि पेट्रोलियम नियम २००२ नुसार डिझेल 'ब' वर्गात येतं, म्हणजे फ्लॅश पॉइंट २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवान्याशिवाय साठवता किंवा नेता येतं. दोन्हीपैकी एकही मर्यादा ओलांडली की परवाना लागतो. गंमत म्हणजे अनेक जण फक्त पहिला आकडा लक्षात ठेवतात आणि पिकअपवर २,००० लिटरची एकच टाकी बसवून घेतात. ती दुसऱ्या अटीत अडकते.

परवाना देणारी संस्था पेसो, म्हणजे पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन. तिचं मुख्यालय नागपुरात आहे. गाडीवरची टाकी, पंप, व्हॉल्व्ह, वायरिंग यांची मांडणी पेसोच्या मंजुरीनुसारच असावी लागते. गावातल्या वेल्डरकडून पाण्याच्या टँकरचा बाउजर करून घेणं म्हणजे या सगळ्याला बगल देणं आहे. स्वतःच्या यंत्रांना डिझेल भरणं आणि दुसऱ्याला विकणं यातला फरकही पक्का ध्यानात ठेवा. विक्रीसाठी तेल कंपनीची अधिकृतता हवी. डिझेल दारात पोचवण्याची अशी सेवा इंडियन ऑइलने २०१८ साली पुण्यात प्रायोगिक स्वरूपात सुरू केली होती.

ड्रायव्हरच्या लायसन्सवर केंद्रीय मोटार वाहन नियम ९ प्रमाणे धोकादायक माल वाहून नेण्याच्या प्रशिक्षणाची नोंद लागते. गाडीवर डिझेलचा यूएन क्रमांक १२०२ असलेला फलक हवा आणि केबिनमध्ये आणीबाणीच्या सूचनांचं ट्रेम कार्ड हवं. ते ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत असेल तरच उपयोगाचं.

टाकीपासून नोझलपर्यंत

बाउजर समजून घ्यायचा तर डिझेलच्या वाटेने चालत जावं. टाकीच्या आत आडवे पत्रे असतात, त्यांना बॅफल म्हणतात. गाडी वळताना आणि ब्रेक मारताना डिझेलची उसळी ते मोडतात. ५,००० लिटर डिझेलचं वजन साधारण ४,१५० किलो होतं. अर्धी भरलेली टाकी मुरमाच्या उतारावर आडवी चालवली तर हे वजन एका बाजूला जातं, आणि पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी भरलेलीच उलटण्याचा धोका जास्त. टाकीच्या डोक्यावर मॅनहोल आणि हवा आत-बाहेर करणारा व्हेंट असतो. व्हेंट धुळीने बुजला की पंप डिझेल ओढतो पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते, धार मंदावते, आणि पातळ पत्र्याची टाकी चक्क आत चेपू शकते. खडीच्या खाणीत हे वारंवार घडतं, म्हणून तिथे व्हेंटची जाळी आठवड्याला साफ करावी.

टाकीच्या तळाला बंद होणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचा आणीबाणीचा लिव्हर किंवा दोरी गाडीच्या दुसऱ्या टोकाला हवी. आग डिस्पेन्सरजवळ, म्हणजे मीटर-नोझलच्या बाजूला, लागली तर व्हॉल्व्ह बंद करायला आगीतच जावं लागू नये, हे त्यामागचं साधं कारण. पुढे जाळी, पंप, हवा वेगळी करणारं भांडं, फिल्टर, मीटर, होज आणि नोझल.

लहान बाउजरवर १२ किंवा २४ व्होल्टचा पंप असतो. तो मिनिटाला ४० ते ६० लिटर देतो. अशा बऱ्याच पंपांना सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवायचं नसतं. मोटर गरम झाली की थांबावं. मोटर, स्विच आणि दिवे फ्लेमप्रूफच, म्हणजे आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही असे, हवेत. मोठ्या बाउजरवर पंप गिअरबॉक्सच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला देणाऱ्या जोडणीवर, चालतो, त्यामुळे डिझेल भरत असताना बाउजरचं इंजिन चालू राहतं. म्हणून त्याच्या सायलेन्सरवरचा, ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर शोभेचा नाही. आतून काजळी भरलेला किंवा जाळी जळालेला अरेस्टर नसल्यासारखाच. बॅटरी तोडणारा मास्टर स्विच केबिनमध्ये हाताच्या अंतरावर हवा.

सकाळी, गाडी हलवण्याआधी

रात्रभर गाडी उभी राहिली की पाणी तळाला बसतं. डिप रॉडच्या, म्हणजे पातळी मोजायच्या कांडीच्या, टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावा, रॉड सरळ तळाला टेकवा आणि अर्धा मिनिट ठेवून वर काढा. जिथपर्यंत पेस्टचा रंग बदलला तितकं पाणी. मग तळाच्या ड्रेन व्हॉल्व्हमधून बाटलीत थोडं काढा. स्वच्छ डिझेल दिसेपर्यंत काढत राहा. पावसाळ्यात हे रोज करायचं. हवेतला ओलावा टाकीच्या वरच्या पत्र्यावर जमतो, आणि पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे जीवाणूंचा काळपट चिकट थर वाढतो. फिल्टर लवकर चोक व्हायला लागला, तर फिल्टरला दोष देण्याआधी टाकीचा तळ बघा.

डिझेल घेतानाच घनता मोजावी. काचेच्या नळकांड्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर एकत्र ठेवून वाचन घ्या, आणि तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढा. तक्ता हाताशी नसेल तर अंदाजासाठी दर अंशाला ०.७ धरा. ४० अंशांना वाचन ८१२ आलं, तर १५ अंशांना ते साधारण ८२९ किलो प्रति घनमीटर होतं. चलनावरच्या आकड्यापेक्षा ३ हून जास्त फरक पडला तर माल उतरवून न घेता विचारणा करा.

मीटर तपासायला ५ लिटरचं प्रमाणित माप वापरतात. माप आधी डिझेलने ओलं करून निथळू द्यायचं, मग मीटरवर बरोबर ५ लिटर सोडायचे. फरक २५ मिलीलिटरपर्यंत चालतो, त्यापुढे मीटर वैधमापन विभागाकडून दुरुस्त आणि मुद्रांकित करून घ्यावा लागतो. तीनदा मोजा. तीनही वेळा फरक वेगवेगळा आला, तर दोष मीटरपेक्षा हवेचा असतो. सक्शनच्या जोडातून हवा आत येते आणि मीटर ती डिझेल म्हणून मोजतो. काचेच्या खिडकीत बुडबुडे दिसतायत का ते बघा. बाउजर उतारावर तिरका उभा असतानाही तळाशी डिझेल कमी असेल तर हेच होतं.

आता होज. पूर्ण उलगडून हाताने चाचपत जा. फुगवटा, चीर, आतली तार बाहेर आलेली जागा, रीलजवळचा वाक, आणि नोझलपासूनचा पहिला अर्धा फूट. होज तिथेच सगळ्यात आधी फाटतो, कारण तिथेच तो रोज दुमडतो. मल्टीमीटर ओहमवर ठेवून एक टोक नोझलच्या धातूला आणि दुसरं चेसिसला लावा. तारेच्या होजला मोजकेच ओहम दाखवायला हवेत. वाचनच आलं नाही तर आतली तार तुटलेली आहे. असा होज कितीही नवा दिसला तरी बदला. अर्थिंगच्या केबलचंही असंच करा, ती १० ओहमच्या आत हवी.

शेवटी अग्निशामक. किमान एक ९ किलोचा डीसीपी (कोरड्या पावडरचा सिलिंडर) बाहेर, सहज काढता येईल असा, आणि एक लहान केबिनमध्ये. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाला दबून घट्ट होते. महिन्यातून एकदा सिलिंडर उलटा करून हलवा. काटा हिरव्यात असला तरी दबलेली पावडर बाहेर येत नाही.

बाउजरची स्वतःची टाकी भरताना

इथला सगळ्यात घातक प्रकार असा की टाकीत आधी पेट्रोल होतं आणि आता डिझेल भरायचंय. पेट्रोलने भरलेल्या टाकीतली वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटण्याच्या मर्यादेबाहेर राहते. डिझेल आत आलं की ते पेट्रोलची वाफ शोषून घेतं, वाफ विरळ होते आणि नेमकी पेटण्याच्या टप्प्यात येते. त्याच वेळी वाहत्या डिझेलमुळे स्थिर वीज जमत असते. आताच्या बीएस-६ मानकाच्या डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत दहा भागांपेक्षा) कमी असतं. ते काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाची वीज वाहून नेण्याची क्षमताही घटते, त्यामुळे साचलेला भार लवकर निघून जात नाही. म्हणून डिझेलच्या बाउजरमध्ये पेट्रोल कधीच नको. गेलंच असेल तर टाकी पूर्ण रिकामी आणि वाफमुक्त केल्याशिवाय डिझेल भरू नका.

भरण्याचा पाइप तळापर्यंत पोचला पाहिजे. वरून धबधब्यासारखं सोडलं की तुषार आणि भार दोन्ही वाढतात. पाइपचं टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे ३ इंची पाइपातून मिनिटाला साधारण २७० लिटर. टोक बुडाल्यावर वाढवता येतो. टाकी गच्च भरू नका, ५ टक्के जागा सोडा. १,००० लिटर डिझेल १० अंशांनी तापलं की ८ लिटरच्या आसपास फुगतं. भरून झाल्यावर दहा मिनिटं थांबून मगच डिप रॉड घाला. पृष्ठभागावरचा भार उतरायला वेळ लागतो, आणि धातूचा रॉड त्या भाराला ठिणगीची वाट देतो.

उभं कुठे राहायचं

सपाट, टणक, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. वारा बाउजरकडून यंत्राकडे वाहिला पाहिजे. विजेच्या तारेखाली कधीच नाही. ११ केव्हीची तार बांधाच्या कडेने खूप खाली लोंबलेली असते आणि मॅनहोलवर उभा राहिलेला माणूस हातातल्या डिप रॉडसह सहज तिच्या टप्प्यात येतो. विहीर, ओढा, कालवा यांच्याकडे उतार असेल ती जागा सोडा.

ऊसतोडणी यंत्राच्या फडात वेगळी काळजी घ्यावी लागते. तोडणी झालेल्या वावरात पाचटाचा कोरडा थर असतो आणि यंत्राच्या इंजिनावर, सायलेन्सरभोवतीही तेच पाचट अडकलेलं असतं. बाउजर त्यात नेला तर त्याच्या सायलेन्सरखाली पाचट धुमसायला लागतं. यंत्र बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला मोकळ्या मातीवर बाहेर काढायचं, इंजिनाभोवतीचं पाचट काढायचं, मगच भरायचं. दिवसाच्या पंधरा मिनिटांचं काम आहे. तेवढा वेळ वाचवण्यासाठी यंत्र फडातच भरू नये.

वळीव किंवा अवकाळीत गडगडाट ऐकू आला की काम थांबवा, झाकणं लावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करा.

भरण्याचा क्रम

१. बाउजर असा लावा की निघताना रिव्हर्स घ्यावा लागणार नाही. पार्किंग ब्रेक, न्यूट्रल, दोन्ही बाजूंनी चाकाला ठोकळे. रस्त्यावर ठेवतात तसे दोन शंकू मांडा.

२. यंत्राचं बकेट किंवा ब्लेड जमिनीवर टेकवून इंजिन बंद करायला सांगा. जोरात चाललेल्या टर्बो इंजिनाला आधी तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवा, म्हणजे टर्बोही वाचतो आणि गरम भागही निवतात. चावी ऑपरेटरकडून स्वतःकडे घ्या. ऑपरेटर केबिनमधून खाली उतरलेला हवा.

३. अग्निशामक कंसातून काढून भरण्याच्या जागेपासून चार-पाच पावलांवर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा.

४. अर्थिंगचा चिमटा यंत्राच्या उघड्या धातूला लावा. रंगावर नाही, गंजावर नाही, चिखलावर नाही. एखादा बोल्ट घासून चकचकीत ठेवा आणि रोज तोच वापरा. कोरड्या मुरमात लोखंडी खुंटी ठोकून खरं अर्थिंग मिळत नाही. बाउजर आणि यंत्र एकमेकांना जोडून समान पातळीवर आणणं हेच इथलं संरक्षण. गाडीखाली रस्त्याला घासणारी साखळी याची जागा घेऊ शकत नाही.

५. चिमटा लावल्यानंतरच टाकीचं झाकण पुसून, सावकाश उघडा. आतला दाब निघू द्या. टाकीत किती आहे ते बघा आणि किती भरायचं तो आकडा ठरवा. बॅकहो लोडरची टाकी साधारण सव्वाशे लिटरची असते, वीस टनी एक्स्कॅव्हेटरची साडेतीनशे ते चारशेची.

६. ड्रिप ट्रे खाली. मीटर शून्यावर. नोझल आत घालून ते मानेच्या धातूला टेकलेलं ठेवा आणि संपेपर्यंत टेकलेलंच राहू द्या.

७. आता पंप. पीटीओवाल्या गाडीत क्लच दाबून पीटीओ टाकायचा, क्लच हळू सोडायचा आणि पंपाच्या प्लेटवर दिलेल्याच आरपीएमवर ठेवायचं. जास्त रेस दिल्याने काम लवकर होत नाही, फक्त बायपास व्हॉल्व्ह फिरत राहतो आणि डिझेल तापतं.

८. सुरुवात मंद धारेने. मग पूर्ण. टाकी ९० टक्के भरत आली की पुन्हा मंद. ९५ टक्क्यांवर थांबा.

९. पंप बंद, मग नोझल वर करून निथळू द्या, मग बाहेर. झाकण लावा. त्यानंतर चिमटा काढा. चिमटा सगळ्यात आधी लागतो आणि सगळ्यात शेवटी निघतो.

१०. होज रीलवर, नोझल कप्प्यात, पीटीओ बाहेर, ठोकळे आणि शंकू गाडीवर. लॉगबुकमध्ये यंत्राचा क्रमांक, एचएमआर (यंत्र किती तास चाललं ते वाचन), मीटरचं आधीचं आणि नंतरचं वाचन, ऑपरेटरची सही. मग गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारूनच केबिनमध्ये चढा. नोझल यंत्रातच राहिलेलं असताना निघालेली गाडी होज उपटते. ब्रेकअवे कपलिंग, म्हणजे ओढ बसताच सुटून बंद होणारा जोड, असेल तर धार थांबते, नसेल तर टाकी रिकामी होईपर्यंत डिझेल वाहत राहतं.

पूर्ण वेळ एक माणूस नोझलवर हवा. मोबाइलचा खरा धोका ठिणगीपेक्षा लक्ष विचलित होण्याचा आहे, तो केबिनमध्ये ठेवा.

नोझल खाड्कन का बंद होतं

ऑटो नोझलच्या टोकाला, धारेच्या तोंडाजवळ, ज्वारीच्या दाण्याएवढं एक भोक असतं. धार वाहताना ते भोक आतून सतत हवा ओढतं. टाकी भरत आली, टोक बुडालं, की भोकात हवेऐवजी डिझेल जातं, आतला पडदा ओढला जातो आणि लिव्हरची खिटी निसटते. एवढंच यंत्र आहे आणि ते निरनिराळ्या कारणांनी फसतं.

डिझेलला फेस येतो. टाकी अजून पाऊण भरलेली असतानाच फेस भोकापर्यंत पोचतो आणि नोझल बंद पडतं. इथे माणूस वैतागतो, नोझल थोडं बाहेर ओढतो आणि लिव्हर दाबून धरतो. आता भोक मानेच्या वर आलंय, त्यामुळे ते बंद होणारच नाही. फेस बसला की शेवटचे चार-पाच लिटर थेट यंत्राच्या अंगावर येतात. बरोबर पद्धत अशी, की धार अर्धी करायची, अर्धा मिनिट थांबायचं, फेस बसू द्यायचा, पुन्हा पूर्ण आत घालून मंद धारेने भरायचं.

धार फार मंद असेल तर भोकात पुरेशी ओढ तयार होत नाही आणि नोझल बंद होतच नाही. म्हणजे शेवटच्या टप्प्यात ऑटोवर विसंबायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. धुळीने भोक बुजलं तर नोझल सुरू होताच बंद पडतं. ते लोखंडी तारेने कोरू नका, मऊ ब्रशने डिझेल लावून साफ करा. आणि लिव्हरमध्ये दगड, टाकीचं झाकण किंवा लाकडाची ढपली अडकवून दुसरीकडे जायचं, हे तर अजिबात नाही. यंत्राच्या अंगावर डिझेल सांडायला या एका सवयीइतकं दुसरं काही कारणीभूत ठरत नाही.

चुकीच्या टाकीत

बऱ्याच यंत्रांवर हायड्रॉलिक ऑइलची टाकी आणि डिझेलची टाकी शेजारी असतात आणि धुळीने दोन्हींची झाकणं सारखीच दिसतात. नव्या यंत्रांवर तिसरी टाकीही असते, डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वापरायच्या युरियाच्या द्रवाची, निळ्या झाकणाची. डीईएफची मान मुद्दाम अरुंद केलेली असते, डिझेलचं नोझल तिच्यात जात नाही. चूक होते ती नरसाळ्याने. डीईएफ डिझेलमध्ये गेलं किंवा डिझेल डीईएफमध्ये, तर चावी फिरवूच नका. एकदा फिरवली की पंप ते सगळीकडे पोचवतो, आणि टाकी धुण्याचं काम इंजेक्टर बदलण्यापर्यंत जातं.

कॅन आणि बॅरल

कॅन गाडीच्या हौद्यात ठेवून भरू नये. प्लॅस्टिकच्या किंवा रबरी मॅटवर तर नाहीच. तो जमिनीवर ठेवा, नोझल तोंडाला टेकवा, धार मंद ठेवा. लोखंडी बॅरलला चिमटा लावा. आणि बॅरलमधून नळीने तोंडाने ओढून डिझेल काढण्याची सवय तोडायलाच हवी. घोट पोटात जाण्यापेक्षा तो फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा आहे. थोडंसं डिझेलही फुप्फुसात गेलं तर सूज येऊन श्वास अडकतो. अशा माणसाला उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी देऊ नका. उलटीत तेच डिझेल पुन्हा श्वासनलिकेत जातं. खोकला थांबलेला वाटला तरी थेट दवाखान्यात न्या. हातपंप दोन-तीन हजारांत मिळतो.

सांडलं किंवा पेटलं तर

सांडलं की आधी पंप बंद, मग व्हॉल्व्ह. कोरड्या वाळूचा किंवा मातीचा बांध घालून वाहणं अडवा, वर वाळू पसरा, शोषलेली माती पिशव्यांत भरून ठेवा. ती ओढ्यात किंवा बांधावर टाकायची नाही. यंत्राच्या अंगावर सांडलं असेल तर ते पुसून, सुकून, इंजिन थंड होईपर्यंत सुरू करू नका. कपडे भिजले तर आगीपासून लांब जाऊन बदला, अंग साबणाने धुवा. डिझेलने ओला शर्ट घालून दिवसभर काम केल्याने कातडीला फोड येतात.

नोझलजवळ पेटलं तर नोझल उपसून बाहेर काढू नका. पेटतं डिझेल तुमच्या अंगावर आणि जमिनीवर पसरेल. लिव्हर सोडा, आणीबाणीचा स्विच दाबा, दुसऱ्याने तळाचा व्हॉल्व्ह ओढावा. वाऱ्याच्या वरच्या बाजूने, दोन-तीन मीटरवरून, ज्वाळेच्या मुळावर डावी-उजवी पावडर मारा. ९ किलोचा डीसीपी पंधरा-वीस सेकंदांत संपतो, म्हणून पिन काढण्याआधी जागा घ्या. पाण्याची धार मारू नका, डिझेल पाण्यावर तरंगत आग पुढे नेतं. एका सिलिंडरमध्ये विझली नाही तर सगळ्यांना लांब काढा आणि ११२ वर फोन करा.

रिकामी टाकी

हंगाम संपल्यावर बाउजर गॅरेजला जातो, आणि इथे वेल्डिंगसाठी 'रिकामी आहे' म्हणून टाकी दिली जाते. रिकाम्या टाकीच्या भिंतींना आणि शिवणींना डिझेलचा थर चिकटलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि बंद टाकीत तिला जायला जागा नसते. भरलेल्या टाकीपेक्षा ही टाकी जास्त धोक्याची. वाफ काढून, धुऊन, गॅस डिटेक्टरने तपासून, लेखी परवानगी घेतल्याशिवाय टाकीजवळ कटर किंवा वेल्डिंग नको. आत उतरायचं असेल तर प्राणवायूचं प्रमाण मोजल्याशिवाय, हार्नेस आणि दोरीशिवाय आणि वर सतत एक माणूस उभा असल्याशिवाय नाही. आतला माणूस बेशुद्ध पडला तर वरच्याने आत उडी मारायची नाही, दोरी ओढायची.